नीळ लागलेलं जाकीट

ऑक्टोबर आला की मी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावते, आणि झाकण उघडताक्षणी दरवर्षी मला शिसारी येते. पावसाळ्याचे चार महिने कोंडलेला तो वास थेट तोंडावर येतो. दमट लोकर, कापसात शिरलेली बुरशी, आणि वर डांबराच्या गोळ्यांनी ते सगळं झाकायचा केविलवाणा प्रयत्न. सून म्हणते, "आई, देऊन टाका ना ते सगळं. मुंबईत कशाला लागतात एवढी पांघरुणं?" तिला वाटतं मी पांघरुणांना नाक मुरडते आहे. तिचं काही चुकत नाही, पण माझं नाक त्या वेळी आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये नसतं. ते वाकोल्याच्या एका रिकाम्या तबेल्यात जाऊन पोचलेलं असतं, साठीच्या दशकाच्या अखेरच्या एका ऑक्टोबरात. तिथे दोन्ही हातांनी तलवारी धरून काही पुरुष उभे असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण स्वतःला फार मोठा सरदार समजत असतो.

तबेल्यातून म्हशी केव्हाच गेल्या होत्या, वास राहिला होता. मधोमध शेण-मूत वाहून न्यायची चर होती, ती कुणी बुजवली नव्हती. पावसाळ्यात ती तुंबायची, आणि पाऊस सरून ऊन कडक झालं की फरशीच्या फटीफटींतून वर्षानुवर्षं मुरलेलं सगळं वाफ होऊन वर यायचं. आम्ही तिथे चुना टाकायचो. चुन्याने वास जायचा नाही, नुसती जमीन पांढरी व्हायची आणि सराव संपला की चपला, पाय, परकराचा काठ असं सगळं पांढरं करून मी घरी जायची. आई दारातच अडवून मोरीकडे पिटाळायची. आजही कुणी मर्दानी खेळ, परंपरा, शौर्य वगैरे बोलायला लागलं की मला आधी ती चर आठवते.

शिकवायचे पास्कल अंकल. वाकोल्याच्या जुन्या गावठाणातले, क्रॉसच्या मागच्या कौलारू घरात राहणारे. तरुणपणी ते जहाजावर होते, आणि जहाजावरच्या एका जर्मन मिस्त्रीने रिकाम्या वेळात त्यांना त्याच्या देशातली शेकडो वर्षांपूर्वीची तलवारबाजी शिकवली होती. ऑलिंपिकमधल्या त्या बारीक लवलवत्या काठीची नव्हे. ही लांब, सरळ, दुधारी, दोन हातांनी पेलायची तलवार. आपल्याकडे असल्या विलायती पात्याला पूर्वी फिरंग म्हणत, म्हणून आम्हीही फिरंगच म्हणायचो. आमच्या फिरंगी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये पोलादी पट्टी घासून केलेल्या होत्या. धार नव्हती, टोकाला चिंध्यांचा गच्च आवळलेला बोंडा होता. तरी बरगडीत बसली की चार दिवस कुशीवर वळता यायचं नाही.

मिस्त्रीने सांगितलेली पवित्र्यांची नावं अंकलनी सरळ मराठीत आणली होती. तलवार डोक्याशी आडवी, टोक समोरच्याच्या तोंडावर: बैल. मूठ कंबरेशी, टोक वर: नांगर. तलवार खांद्यावर उभी: छप्पर. आणि टोक जमिनीकडे सोडून, छाती उघडी टाकून नुसतं उभं राहायचं: येडा. येड्याच्या पवित्र्यातला माणूस येडा दिसतो म्हणून समोरचा पुढे येतो, आणि तो पुढे आला की खालून टोक वर येतं. मला हा पवित्रा फार आवडायचा. मुलगी तलवार खाली सोडून उभी राहिली की ती दमली असणार, अशी तिथल्या प्रत्येकाची खात्रीच असायची.

पंच मात्र तिथे नव्हता. अंकलना पंच म्हटलं तरी राग यायचा. तलवार ज्याला लागेल त्याने आपणहून डावा हात मुठीवरून काढून वर करायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "लागली." मारणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, बघणाऱ्यांनी उघडायचं नाही. "ज्याला लागली त्यालाच ठावं," अंकल म्हणायचे. "त्यानंच बोलाचा. दुसऱ्यानं बोलला तं त्याला अर्थ नाय." मिस्त्रीकडून उचललेला हा नियम त्यांना सगळ्या डावांपेक्षा मोठा वाटायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एवढं सुंदर काही त्या घाणीत ऐकायला मिळेल, असं वाटलंच नव्हतं.

मी तिथे पोचले ती आईमुळे. आम्ही मालवणकडचे, वडील गिरणीत, आई चाळीत वाकळी शिवून द्यायची. जाड जाकिटं हवीत म्हणून अंकल तिच्याकडे आले. पांढऱ्या ड्रिल कापडाचे दोन थर, आत कापूस, वरून वाकळीसारखे दाट टाके. जाकिटं पोचवायला मी गेले, सराव बघत उभी राहिले आणि हललेच नाही. मी तेव्हा अंधेरीच्या कॉलेजात होते. "मला शिकवाल?" असं विचारून टाकलं. अंकलनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग जाकिटांकडे पाहिलं. ही जाकिटं धुवायची कशी हे आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ठरलं असं की दर आठवड्याला ती आमच्या नळावर धुवायची आणि मी शिकायचं.

त्या धुण्याबद्दल बोलायलाच हवं. पुरुषांचा घाम कापसात मुरून आठवडाभर पिशवीत कोंडला की त्याचं काय होतं, हे ज्याने हुंगलेलं नाही त्याने शौर्यावर लिहू नये. काखेतले टाके पिवळे आणि कडक होऊन जायचे. गळपट्टीला खोबरेल तेल, मान, मळ यांचा एक तुकतुकीत थर चढायचा, नखाने खरवडला की नखात भरायचा. भिजलं की एकेक जाकीट ओल्या पोत्यासारखं जड व्हायचं. मी एक टोक पिळायची, आई दुसरं. आई नाकाला पदर लावून म्हणायची, "ह्यो माणसांचो घाम काय बैलांचो गो? तलवारी खेळतत की नांगर ओढतत?" पण जाकीट हातावेगळं व्हायचं ते लख्ख होऊनच. शेवटच्या पाण्यात ती नीळ घालायची, तीही फडक्यात बांधून, हलक्या हाताने. माझ्या आईच्या धुण्याला निळीचा डाग पडलेला चाळीत कुणी पाहिला नव्हता.

तोंडावर घालायच्या जाळ्या धुता यायच्या नाहीत. वाळू चाळायच्या जाळीला चामड्याची पट्टी लावून त्या केल्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून मोजक्याच होत्या. आदल्याने नुकतीच काढलेली जाळी घालायची म्हणजे त्याचा श्वास घालायचा. आत थुंकीचे थेंब असायचे, बिडीचा वास असायचा, कुणाचा तरी केस हनुवटीला चिकटायचा. त्याहून वाईट ती सलामी. खेळ सुरू करण्याआधी तलवारीची मूठ ओठांना लावून मग खाली झटकायची अशी रीत होती. इतक्या तळव्यांचा घाम प्यायलेली ती मूठ. मी ओठ आत मुडपून घ्यायची. तरी आंबूस लोखंडी चव लागायचीच. आजही स्टीलच्या पेल्याला नीट न घासल्याची चव आली की मी पेला बाजूला ठेवते.

मग जात कशाला होतीस, असं कुणीही विचारेल. आईही विचारायची. कारण जाळी घातल्यावर पहिले काही क्षण घाण वाटायची आणि मग समोरचं टोक हललं की काही वाटायचंच नाही. घरात काही सांडू नये, कॉलेजात हसू नये, रस्त्यात वर बघू नये अशी वागायची. तिथे मात्र दोन पावलं पुढे टाकून, खांद्यातून कंबरेतून सगळा जोर एका टोकात आणून, मला एका माणसाच्या छातीपर्यंत पोचायचं असायचं. पोचायचीही मी. माझी नजर चांगली होती आणि अंतराचा अंदाज कपडा न मोजता बेतणाऱ्या आईचा होता. ते सुख अजूनही हातात आहे, हे मी नाकारत नाही.

पण तो शब्द मला कुणी देत नव्हतं. अंकल शिकवताना मुद्दाम फट ठेवायचे, मी तिथे पोचले की हात वर करून म्हणायचे, "लागली." तो शिकवण्याचा भाग झाला. बाकीच्यांना माझी तलवार लागायची आणि लागायची नाही. "कापडाला घासली गं नुसती." "आधी माझी लागलीय तुला." "अरे हळू ना, हे काय खरं युद्ध आहे का!" एकमेकांच्यात मात्र हे लोक शब्दाचे फार पक्के. लागली रे लागली की हात वर, छाती पुढे, पराभवसुद्धा कसा मिरवून घ्यायचे. माझ्यासमोर आले की त्यांच्या डाव्या हाताला लकवा भरायचा.

सगळ्यांत चांगला खेळायचा प्रभाकर. गोरेगावात राहायचा, कुठल्याशा कारखान्याच्या ऑफिसात होता. उंच, देखणा, केसांचा कोंबडा कधी विस्कटायचा नाही. बोलणंही गोड. "ए सुमे, तू पोरांपेक्षा भारी आहेस यार," असं तो जाता जाता म्हणायचा आणि मी आठवडाभर ते वाक्य पुरवून खायची. बाकीच्यांनी नाही म्हटलं तरी चालेल, ह्याच्या तोंडून एकदा, सगळ्यांसमोर, "लागली" ऐकायचं, एवढंच त्या मोसमात मला हवं होतं. परीक्षा, घरी चाललेल्या माझ्या लग्नाच्या गोष्टी, सगळं त्याच्या मागे. आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

दिवाळीआधीच्या रविवारी शाळेच्या मैदानावर आमचं प्रात्यक्षिक ठरलं. गोरेगावच्या एका स्टुडिओतला माणूस बघायला येणार होता. राजेरजवाड्यांच्या कुठल्याशा सिनेमासाठी त्याला तलवार चालवणारी माणसं हवी होती, आणि अंकलना वाटत होतं की त्याने आपल्या पोरांना घेतलं तर फिरंगीचं नाव होईल, तबेला सुटेल, चांगली जागा मिळेल. लोकांना दुरून कळावं म्हणून टोकाचे बोंडे निळीत बुडवायचे ठरले. आमच्याच घरची पुडी मी नेली. आदल्या दिवशी आईने आणि मी सगळी जाकिटं धुऊन, पिळून, चाळीच्या कठड्यावर उन्हात टाकली. संध्याकाळी त्यांच्या घड्या केल्या तेव्हा ती पांढरीशुभ्र होती आणि त्यांना कडक उन्हाचा, जवळजवळ चांगला म्हणावा असा वास होता.

मैदानात चाळीतली, गावठाणातली बरीच माणसं जमली. स्टुडिओवाला काळा चष्मा लावून पहिल्या खुर्चीवर बसला होता आणि पान चघळत खुर्चीशेजारीच पिचकाऱ्या टाकत होता. पहिलीच जोडी प्रभाकर आणि मी. मुलगी आधी दाखवली की लोक थांबतात, असा अंकलचा हिशेब. आम्ही मूठ ओठांना लावली. तो छप्पर धरून आला. मी तलवार खाली सोडून येडी झाले. लोकांत कुणीतरी हसलं, "अगं उचल ना!" प्रभाकरही हसला असावा, जाळीतून नीट दिसलं नाही. तो पाऊल टाकून आत आला, वरून तलवार उतरायला लागली, आणि मी बाजूला सरकून खालून टोक वर नेलं. ते त्याच्या डाव्या छातीत बसलं. घासलं नाही. बसलं. मुठीत तो धक्का आला, मनगटातून कोपरात गेला. मी मागे झाले तेव्हा पांढऱ्या ड्रिलवर टपोरा निळा ठिपका होता.

मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो हात मुठीवरून निघाला, थोडा वर आला, आणि त्या हाताने त्याने ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग जाळी वर सारून खुर्च्यांकडे बघत, अगदी खेळकरपणे तो म्हणाला, "ही धुण्याची नीळ आहे. जाकिटं हीच धुते ना! पाण्यात नीट कालवली नाही वाटतं."

लोक खो खो हसले. स्टुडिओवालाही हसला, हसताना पानाचा लाल ओघळ त्याच्या हनुवटीवर आला, तो त्याने मनगटाने पुसला. आमच्यातले बाकीचे हसले नाहीत, पण कुणी काही बोललंही नाही. जोड्यांच्या रांगेत सगळे आपापल्या बोंड्याकडे बघत उभे राहिले. मी अंकलकडे पाहिलं. मारणाऱ्याने बोलायचं नाही हा नियम मी पाळत होते, आणि इतकी वर्षं तो नियम सांगणारा माणूस चार हातांवर उभा होता. त्यांनी ठिपका पाहिला. मी त्यांना तो पाहताना पाहिलं. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली आणि ते म्हणाले, "चालू द्या."

मला तेव्हा राग आला नाही, रडू आलं नाही. त्या घाणेरड्या जाळीत, माझ्याच श्वासाच्या वाफेत, मला खरोखर ओकारी येईल असं वाटलं. पुढच्याच झटापटीत प्रभाकरची तलवार माझ्या खांद्यावर बसली. हलकीच बसली. हलकी होती, घासली नुसती, असं मला म्हणता आलं असतं. मी डावा हात वर केला, पार सरळ, कान झाकेल इतका, आणि मैदानाच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "लागली!" टाळ्या पडल्या. आमच्या जोडीत तो शब्द तेवढाच उच्चारला गेला. प्रभाकरने कमरेत वाकून लोकांना नमस्कार केला.

घाणीबद्दल मी पुढे आयुष्यभर विचार केला आहे. संसारात बाईला करावाच लागतो. लहान मुलांचं सगळं काढलं, सासऱ्यांचं अंथरुणातलं काढलं, तुंबलेल्या मोऱ्यांत हात घातले. कशाचीही किळस फार टिकली नाही. हात धुतले, जेवायला बसले. घामाला तर नावं ठेवण्यासारखं काहीच नसतं, तो अंगातून येतो आणि पाण्यात जातो. पण त्या गोड, खेळकर वाक्याची किळस मात्र अजून ओली आहे. स्वच्छ धुतलेल्या जाकिटातला, केस न विस्कटलेला तो माणूस आठवला की मला आजही चूळ भरावीशी वाटते. आणि त्याहून जास्त ती रांग आठवली की. त्यांच्यापैकी कुणीही वाईट नव्हतं, हे तर आणखीच ओंगळ.

स्टुडिओवाल्याने प्रभाकरला आणि अजून दोघांना घेतलं. दुसऱ्या दिवशी पाणी यायच्या वेळी अंकल स्वतः जाकिटांची पिशवी घेऊन आमच्या चाळीत आले. एरवी ती मी आणायची. आईने नळाशीच पिशवी सोडली आणि सगळ्यांत वरचं, प्रभाकरचं जाकीट हातात घेऊन ती थबकली. "ह्यो डाग खयसून इलो?" ती म्हणाली. "परवा मियाच वाळत घातलंय ना ह्या. एक ठिपको नाय होतो." मी सांगितलं, प्रभाकर म्हणतो तुझ्या धुण्यातला आहे. आईने जाकीट दोन बोटांत धरून पिशवीवर टाकलं आणि पदराला हात पुसले. तिला असं हात पुसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. इतकी घाण धुतली, पण धुवायची वस्तू तिने कधी टाकली नव्हती. ती नळावरून उठून आत गेली.

अंकल तिथेच उभे होते. बायका बादल्या लावून रांगेत होत्या, पण लांब. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याजवळ आले आणि अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पोरी, लागलेली. मी बगितला. झकास लागलेली."

महिनोन्महिने ज्या शब्दासाठी मी जीव टाकत होते तो असा मिळाला. नळावर, कुणाला ऐकू जाणार नाही याची खात्री करून, उष्ट्या ताटातला घास पुढे करावा तसा. अंकलचे डोळे पाणावले होते आणि ते खोटं नव्हतं, मला ठाऊक आहे. त्या पाणावलेल्या डोळ्यांचीच मला सगळ्यांत जास्त किळस आली. काल मैदानात ते एवढं मोठ्याने म्हणाले असते तर मी जन्मभर त्यांची जाकिटं धुतली असती.

"तुम्हाला कुठे लागली, अंकल?" मी म्हटलं. "ज्याला लागली त्यानं बोलायचं. दुसऱ्यानं बोललं तर त्याला अर्थ नाही. तुम्हीच सांगितलंय."

मी पिशवी उचलली आणि त्यांच्या हातात दिली, न धुतलेल्या जाकिटांसकट. नळाचं पाणी बारीक व्हायला लागलं होतं, मागे बायका ओरडायला लागल्या होत्या, कुणाचा तरी हंडा घसरला. मग रस्त्याला लागण्याआधी अंकलनी पिशवीवर टाकलेलं ते जाकीट उचललं, दगडी कठड्यावर पसरलं आणि बाह्या आत घेऊन व्यवस्थित घडी घातली. डाग आतल्या बाजूला.